विलायती डिप्लोम्यापासून एमपीएचपर्यंत : सार्वजनिक आरोग्याच्या परदेशी शिक्षणाच्या निवडीचा इतिहास

अलीकडे शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये एक नवा वर्ग दिसू लागला आहे. एम.बी.बी.एस. किंवा दंतवैद्यकाची पदवी घेतलेले, काही आयुर्वेदाचे तर काही सूक्ष्मजीवशास्त्र वा समाजकार्याचे पदवीधर. या सर्वांना परदेशी जाऊन 'मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ', म्हणजेच एमपीएच ही पदवी घ्यावयाची असते. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : कोणते विद्यापीठ निवडावे? प्रश्न सरळ दिसला तरी त्यामागे शैक्षणिक कर्ज असते, कधी गहाण पडलेली शेतजमीन असते आणि घरच्यांच्या अपेक्षाही असतात. अशा वेळी क्रमवारीचे तक्ते पाहून उत्तर देणे प्राध्यापकाला सोपे जाते. प्रस्तुत लेखकानेही ते अनेकदा दिले आहे. तथापि या प्रश्नाला सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो क्रमवारीच्या तक्त्यांत सापडत नाही. त्या इतिहासातील काही टप्प्यांचा, विशेषतः महाराष्ट्राशी निगडित असलेल्या टप्प्यांचा, विचार येथे करावयाचा आहे.

सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र पात्रता ही मुळात ब्रिटिश बेटांवरील औद्योगिक शहरांची गरज होती. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने १८७१ मध्ये 'स्टेट मेडिसिन'चा डिप्लोमा सुरू केला. केंब्रिजने १८७५ मध्ये 'सॅनिटरी सायन्स'ची परीक्षा घेतली. पुढे १८८८ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने इंग्लंडमधील पन्नास हजार वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या क्षेत्रांत आरोग्य अधिकाऱ्याला अशी पात्रता बंधनकारक केली. डीपीएच या तीन अक्षरांना बाजारमूल्य आले ते या कायद्यामुळे, हे ध्यानात घेतले पाहिजे. अभ्यासक्रमही त्या गरजेबरहुकूम होता. पाण्याचे रासायनिक पृथक्करण, मैल्याचा निचरा, घरांची व कारखान्यांची तपासणी, जन्ममृत्यूची नोंद हे त्याचे विषय. शिवाय एखाद्या आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागे. मुंबई इलाख्यातून गेलेला विद्यार्थी हा अनुभव इंग्लंडमधील एखाद्या शहराच्या गटारांवर घेई आणि तो घेऊन मान्सूनच्या प्रदेशात परत येई.

या विद्यार्थ्यापुढे 'निवड' अशी फारशी नव्हतीच. इंडियन मेडिकल सर्व्हिसची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून लंडनमध्ये होत असे आणि सूर्यकुमार गुडीव चक्रवर्ती त्याच वर्षी त्या सेवेत दाखल झाले असले तरी वरिष्ठ जागांवर भारतीय अपवादानेच दिसत. आरोग्य खात्यातील मोठ्या नेमणुकांसाठी विलायती डिप्लोमा ही वस्तुतः पूर्वअटच मानली जाई. म्हणजे निवड केली होती ती राज्यकर्त्यांनी. विद्यार्थ्याला ठरवावयाचे होते ते केवळ जहाज आणि परीक्षेचे वर्ष.

यातील विसंगती १८९६ च्या प्लेगने उघडी केली. त्या वर्षी मुंबईत साथ उद्भवली. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच प्रतिबंधक लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरांवरील पिसवांचा रोगप्रसारातील वाटा दाखविला. पुढे ग्लेन लिस्टन आणि प्लेग संशोधन आयोग यांनी मुंबईतील प्रयोगांनी तो पक्का केला. याचा अर्थ असा की, विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगविषयी जगातील अद्ययावत ज्ञान ज्या ठिकाणी निर्माण होत होते, त्यांत परळ हे एक प्रमुख स्थान होते. परंतु ज्ञानाचे प्रमाणपत्र मात्र लंडन, केंब्रिज वा एडिंबरो येथूनच आणावे लागे.

याच साथीने दुसराही धडा दिला. १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये घरांची झडती, सक्तीचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ हे उपाय पुण्यात ज्या रीतीने अमलात आले, त्यातून उसळलेल्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवरील हल्ल्यात झाला, हे सर्वज्ञात आहे. गोषातील स्त्रीची तपासणी कोणी व कशी करावी, देवघरात बूट घालून जावे की नाही, रुग्णाला घरातून हलविताना घरच्यांशी काय बोलावे, हे त्या काळी कोणत्याही डिप्लोम्याच्या अभ्यासक्रमात नव्हते. ते असावयास हवे होते असे आज म्हणणे सोपे आहे. पण शिक्षण ज्या समाजात होते त्या समाजाचे प्रश्न गृहीत धरूनच होते, ही मर्यादा त्या काळापुरती नाही.

अमेरिकेचे नाव या क्षितिजावर उगवले ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. विल्यम वेल्च आणि विक्लिफ रोज यांच्या १९१५ च्या अहवालानंतर रॉकफेलर फाउंडेशनच्या द्रव्यबळावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१६ मध्ये आरोग्यविज्ञानाची स्वतंत्र शाळा स्थापन झाली. १९१८ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. हार्वर्डची स्वतंत्र शाळा १९२२ ची. लंडनमध्ये मॅन्सन यांनी १८९९ मध्ये उष्णकटिबंधीय वैद्यकाची शाळा काढली होती. तिच्यातून १९२४ च्या सनदेने 'लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन' ही संस्था आकारास आली आणि १९२९ मध्ये तिची केपेल स्ट्रीटवरील वास्तू उघडली. या वास्तूसाठीही पैसा रॉकफेलरचाच होता. कलकत्त्यात ३० डिसेंबर १९३२ रोजी सुरू झालेली अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था याच देणगीतून उभी राहिली. तात्पर्य, बाल्टिमोर, लंडन आणि कलकत्ता या तिन्ही दारांवर आतून एकाच धनकोशाची मोहर होती. विद्यार्थ्याला तीन पर्याय दिसत. ते किती वेगळे होते, हा प्रश्न इतिहासकाराने विचारावयास हवा.

रॉकफेलर शिष्यवृत्तीची एक अट मात्र आजही विचार करण्याजोगी आहे. शिष्यवृत्ती देताना, शिकून परतल्यावर या व्यक्तीला त्या विषयाचे पद मिळेल अशी हमी संबंधित शासनाकडून अपेक्षिली जाई. यात परोपकारापेक्षा हिशेब अधिक होता, हे खरे. पण त्यामुळे शिक्षण आणि काम यांची गाठ प्रस्थानापूर्वीच बांधली जाई. आजचा विद्यार्थी स्वतःच्या खर्चाने जातो तेव्हा ही गाठ बांधणारा कोणीच नसतो. परतल्यानंतर कोणत्या पदावर, कोणत्या सेवेत आपली पदवी ग्राह्य धरली जाईल, हे त्याने निघण्यापूर्वीच विचारले पाहिजे. आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाच्या अध्यापकपदाची रूढ वाट एम.डी. पदवीची आहे, आणि परदेशी एमपीएचने ती आपोआप उघडत नाही, हे अनेकांना उशिरा कळते.

कलकत्त्याच्या संस्थेचे १९३९ ते १९४५ या काळातील संचालक जॉन ब्लॅक ग्रँट यांच्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. चीनमध्ये जन्मलेल्या, हॉपकिन्समध्ये शिकलेल्या ग्रँट यांनी १९२५ मध्ये पेकिंगमध्ये एका वस्तीचे आरोग्य केंद्र हीच विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा बनविली होती. बंगालमधील सिंगूर येथील आरोग्य केंद्राचा उपयोगही याच विचाराने झाला. रुग्णालयाला जसा वॉर्ड, तसा सार्वजनिक आरोग्याच्या शाळेला लोकवस्तीचा एक टापू हवा, अशी त्यांची धारणा होती. हेच ग्रँट पुढे भोर समितीचे सदस्य झाले. नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील या समितीत कामगार नेते ना. म. जोशी हेही होते. समितीच्या १९४६ च्या अहवालाने प्रत्येक डॉक्टर हा 'सामाजिक चिकित्सक' व्हावा, त्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण असावे, अशी शिफारस केली. समितीच्या कामाच्या काळात, १९४४ मध्ये, हॉपकिन्सचे वैद्यकेतिहासकार हेन्री सिगरिस्ट हिंदुस्थानात येऊन गेले. ये-जा एकाच दिशेची नव्हती, एवढे यावरून म्हणता येते.

स्वातंत्र्यानंतर जागतिक आरोग्य संघटना, कोलंबो योजना, अमेरिकन तांत्रिक साहाय्य अशा नव्या वाटा खुल्या झाल्या. या काळातील परदेशी शिक्षणावर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील देबबर बॅनर्जी यांनी कठोर टीका केली. एकेका रोगासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारून वरून खाली राबविलेल्या मोहिमांमागे परदेशी तज्ज्ञ व त्यांच्या तालमीत घडलेला वर्ग आहे, असा तिचा रोख होता. ही टीका सरसकट स्वीकारता येत नाही, कारण देवीनिर्मूलनासारखे यश तिच्या चौकटीत नीट बसत नाही. पण ती बाजूला सारणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे दोन अनुभव आहेत आणि दोन्ही हॉपकिन्सशी जोडलेले आहेत, हा योगायोग असला तरी अभ्यासनीय आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. १९६० च्या दशकात त्यांनी नगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. तेथे त्यांना दिसले की, बहुतेक रुग्ण टाळता येण्याजोग्या आजारांचे आहेत. आज बरा झालेला उद्या त्याच आजाराने परत येतो. हा प्रश्न हाती आल्यानंतर ते अमेरिकेला गेले. प्रथम क्लीव्हलंडमध्ये वैद्यक व शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण आणि मग बाल्टिमोर येथे एमपीएच. तेथे त्यांना कार्ल टेलर हे गुरू लाभले. टेलर स्वतः मसुरीच्या परिसरात जन्मलेले, लुधियानात अध्यापन केलेले, पंजाबातील नारंगवाल प्रकल्पाचे प्रवर्तक. म्हणजे बाल्टिमोरच्या वर्गात आरोळे यांना भेटला तो हिंदुस्थानातील खेडे जाणणारा शिक्षक. जामखेडच्या प्रकल्पाचा आराखडा तेथेच तयार झाला आणि १९७० मध्ये परतताच त्यांनी तो प्रत्यक्षात आणण्यास आरंभ केला. पुढे निरक्षर, बहुधा दलित वा गरीब घरांतील स्त्रियांना त्यांनी ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे केले. हे मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते. ते जामखेडच्या दुष्काळी गावांनीच शिकविले, असे म्हणावे लागेल. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा मार्ग थोडा निराळा. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते वर्धा परिसरात काम करीत होते. शेतमजुरांच्या किमान वेतनाचा हिशेब शासकीय समितीने कसा चुकीचा मांडला, हे अभय बंग यांनी अभ्यासाने दाखवून दिले. मोर्चाने जे लवकर साधत नाही ते अचूक आकडेवारीने साधते, हा धडा येथे मिळाला. त्यानंतर एमपीएचसाठी ते दोघे हॉपकिन्सला गेले. १९८४ मध्ये पदवी घेऊन परतले. १९८२ मध्ये निर्माण झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात त्यांनी 'सर्च' ही संस्था उभारली. दोन गावांतील स्त्रियांच्या स्त्रीरोगविषयक स्थितीचा १९८९ चा अभ्यास आणि ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या प्रयोगाचा १९९९ चा निबंध, हे दोन्ही 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रयोगात, ४७ गावांच्या तुलना-गटाशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी आढळला. तुलना-गट कसा ठेवावा, मृत्यूची मोजणी कशी पडताळावी, फरक योगायोगाचा नाही हे कसे सिद्ध करावे, ही बाल्टिमोरची देणगी होय. परंतु नवजात बालकाला श्वास देण्याचे कसब गावातील अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती द्यावे, हा निर्णय गडचिरोलीत झाला. २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली.

दोन्ही दांपत्यांबाबत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कोणता प्रश्न सोडवावयाचा, हे त्यांनी जाण्यापूर्वी ठरविले होते. निदान त्या प्रश्नाने त्यांना आधीच गाठले होते. म्हणून वर्षभराच्या अभ्यासक्रमात काय घ्यावे व काय सोडावे हे त्यांना कळत होते. केवळ 'हॉपकिन्समुळे जामखेड' असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण तीच पदवी घेऊन गेलेल्या शेकडोंनी जामखेड उभारले नाही. उलट, पदवीवाचूनही हे घडले असते, असे म्हणण्यासही आधार नाही. लेखकाचे मत विचाराल तर साथरोगशास्त्र आणि जीवसांख्यिकी यांची पक्की बैठक हीच या शिक्षणातील सर्वांत टिकाऊ गोष्ट आहे. बाकीचे विषय फार वेगाने शिळे होतात.

विद्यापीठ निवडताना म्हणून नावापेक्षा शिक्षक कोण, त्यांनी कोणत्या लोकवस्तीत काम केले आहे आणि प्रत्यक्ष कामाचे वर्ग कोठे होतात, हे विचारणे अधिक सार्थ ठरते. पर्यायही आता बाल्टिमोर-लंडनपुरते उरलेले नाहीत. तिरुवनंतपुरम येथील अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून एमपीएच शिकविले जाते. २००६ मध्ये स्थापन झालेल्या पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाने देशात आणखी संस्था उभारल्या. ढाक्याला ब्रॅकच्या विद्यापीठातील सार्वजनिक आरोग्याची शाळा बांगलादेशातील खेड्यांतच आपला वर्ग भरविते. तिला नाव दिले आहे जेम्स ग्रँट यांचे. १९८० ते १९९५ या काळात युनिसेफची धुरा वाहिलेले हे ग्रँट म्हणजे कलकत्त्याच्या जॉन ग्रँट यांचे पुत्र.

जामखेडनेही १९९० च्या दशकात स्वतःची प्रशिक्षण संस्था सुरू केली. परदेशांतील विद्यार्थी तेथे मुक्कामास येतात, आणि त्यांना शिकविणाऱ्यांत ज्या स्त्रियांनी कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते अशा ग्राम आरोग्य कार्यकर्त्या असतात.