गोव्याचा खाणव्यवसाय : पूर्वपीठिका व आपले कर्तव्य

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत कुलवृत्तान्त, गुणवंत विद्यार्थ्यांची नामावळी व दिवंगतांचे पुण्यस्मरण या गोष्टी नित्याच्या होत. त्यांच्या पंक्तीस खाणींचा इतिहास आणून बसविणे काही वाचकांस विजोड वाटेल. परंतु डिचोली, सत्तरी, सांगे व केपे या तालुक्यांत ज्यांची मूळ घरे आहेत, त्यांना हा विषय परका नाही. थोरला मुलगा खाणीवर कारकून, धाकट्याचा मालमोटारीचा धंदा, आणि त्यांच्याच वडिलांचे भातशेत खाणीच्या गाळाखाली, असा योग आपल्या कित्येक कुटुंबांच्या वाट्यास आला आहे. म्हणून हा इतिहास सांगताना दुसऱ्यांस दोष देऊन आम्हांस मोकळे होता येत नाही.

खाणी येण्यापूर्वी गोव्यातील गावाचा कारभार मुख्यतः गावकरी संस्थेकडे असे. पोर्तुगीज अमदानीत तिला ‘कोमुनिदाद’ हे नाव मिळाले. गावची सामाईक जमीन, तळी, पाट व खाजनांचे बांध यांची देखरेख ही संस्था करी. बांध फुटला तर तो बांधावयाचा कोणी व खर्च सोसावयाचा कोणी, हे ठरलेले होते. गावामागचा डोंगर हा गावच्या पाण्याचा रांजण होय, ही जाण या व्यवस्थेच्या मुळाशी होती. दरसाल सुमारे ३,००० मिलिमीटर पडणारा पाऊस जांभ्या दगडाच्या थरांत मुरे व पायथ्याच्या झऱ्यांतून कुळागरांस आणि विहिरींस मिळे.

या घडीस पहिला तडा कागदावर गेला. २० सप्टेंबर १९०६ रोजी पोर्तुगीज सरकारने वसाहतींतील खाणींसंबंधी हुकूमनामा काढला. त्यायोगे जमिनीच्या पाठीचा धनी एक व पोटातील धातूचा मक्तेदार दुसरा, अशी विभागणी झाली. आणि हे मक्ते मुदतीविना दिले गेले. डोंगराच्या माथ्याशी ज्याचा संबंध केवळ धातूपुरता, त्यास पायथ्याच्या झऱ्याची काळजी वाहण्याचे कारण उरले नाही. पुढील सर्व अनर्थाचे बीज आमच्या मते या फारकतीत आहे.

मोठ्या प्रमाणावरील उत्खनन मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचे. जपानच्या पोलाद कारखान्यांस लोहखनिज हवे होते, मांडवी व जुवारी या नद्यांतून बार्जेसद्वारा मुरगाव बंदरापर्यंत ते स्वस्तात नेता येई, आणि गोव्याच्या तिजोरीसही या धंद्याचा आधार वाटू लागला. आरंभी कुदळ व टोपली यांवर चालणारे काम हळूहळू यंत्रांच्या हाती गेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी पोर्तुगिजांनी दिलेले मक्ते तसेच चालू राहिले. संसदेने १९८७ मध्ये कायदा करून ते रद्द केले व त्यांस पूर्वलक्षी प्रभावाने खाणपट्ट्यांचे रूप दिले. परराज्य गेल्यानंतर त्याचा कागद फिरविण्यास पंचवीस वर्षे लागली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

खाणीपासून गावास उपद्रव कसा होतो, हेही स्पष्ट केले पाहिजे. गोव्यातील खाणी उघड्या असतात. एक टन खनिजासाठी अडीच ते तीन टन टाकाऊ माती उपसावी लागते. तिचे ढीग डोंगरउतारावर रचले जातात, आणि पावसाळ्यात त्यांतील तांबडा गाळ ओहोळांतून शेतांत उतरतो. भाताच्या खाचरात तो साचून घट्ट बसला की नांगर चालत नाही व पीक धरत नाही. दुसरी हानी डोळ्यांस दिसत नाही. जांभ्याप्रमाणेच भुसभुशीत लोहखनिजाचा थरही पाणी धरून ठेवणारा आहे. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की तिच्यात भरणारे पाणी पंपांनी अहोरात्र उपसावे लागते, आणि भोवतालच्या विहिरी वैशाखापूर्वीच तळ गाठतात. तिसरा उपद्रव धुळीचा. उघड्या मालमोटारींच्या रांगा गावरस्त्याने जाऊ लागल्या की शाळा, देवळे, अंथरुणे व फुफ्फुसे यांत भेद राहत नाही.

यांवर उपाय ठाऊक नव्हते असे नाही. ढिगाच्या पायथ्याशी दगडी भिंत, गाळ बसविण्याची तळी, सुपीक माती वेगळी राखून पुन्हा पसरणे, रिकामा खड्डा भरून काढणे, मालास ताडपत्री, वाहतुकीस गावाबाहेरचा रस्ता, या गोष्टी खाणशास्त्रात जुन्या आहेत. १९७४ चा जलप्रदूषणाचा, १९८१ चा वायुप्रदूषणाचा व १९८६ चा पर्यावरण संरक्षणाचा, असे कायदेही होते. १९९७ मध्ये टाटा ऊर्जा संशोधन संस्थेने या खाणपट्ट्यासाठी पर्यावरण-व्यवस्थापनाचा आराखडा तयार केला. ज्ञान होते, नियम होते. अंमल क्षीण होता.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनची मागणी वाढली आणि पूर्वी टाकून दिलेल्या हलक्या प्रतीच्या खनिजासही भाव आला. २०१०-११ या वर्षी गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. त्या वर्षांत आपल्या अनेक बांधवांनी कर्जे काढून मालमोटारी घेतल्या. घरे उभी राहिली, मुलींची लग्ने थाटात झाली. त्याच गावांत टँकरचे पाणीही आले. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे येताच उत्खनन थांबले. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली, पट्ट्याबाहेर माती टाकण्यास मनाई केली व पुढील पिढ्यांसाठी कायम निधी उभारण्यास सांगितले. त्यानंतर राज्य सरकारने केलेली ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द ठरली आणि १६ मार्चपासून काम पुन्हा बंद पडले.

या बंदीचा फटका ज्यांनी नफा कमावला त्यांच्यापेक्षा ज्यांनी हप्ते भरले त्यांस अधिक बसला. अंगणात गंजत उभी असलेली मालमोटार व गाळाने मुकलेले शेत ही दोन्ही एकाच बेजबाबदार कारभाराची फळे होत. खाण नियमाने चालली असती, तर कदाचित दोन्ही वाचली असती. पोट की पाणी, असा वाद आपल्या बैठकींत होतो, तेव्हा ही गोष्ट विसरली जाते.

आता लिलावाच्या मार्गाने पट्टे दिले जात असून २०२४ मध्ये उत्खननास पुन्हा प्रारंभ झाला. इतिहासाची उजळणी करण्याचे प्रयोजन हेच. २०१५ च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान निर्माण झाले असून पिण्याचे पाणी, प्रदूषण-निवारण, आरोग्य व शिक्षण यांवर त्याचा पैसा खर्च होणे अभिप्रेत आहे. तो आपल्या गावी किती आला, हे विचारण्याचा अधिकार ग्रामस्थांस आहे. जनसुनावणीस जाण्यापूर्वी अहवाल वाचला पाहिजे. आपल्यांतील अभियंते व वकील यांनी तो सोप्या मराठीत-कोकणीत समजावून द्यावा. प्रत्येक कुटुंबाने अक्षय्यतृतीयेस आपल्या विहिरीची पातळी दोरीने मोजून वहीत टिपून ठेवावी. दहा वर्षांची अशी वही तोंडी तक्रारीपेक्षा बळकट पुरावा ठरेल. ज्यांच्या मालमोटारी आहेत, त्यांनी ताडपत्री व ठरलेला भार यांचा नियम स्वतःपासून पाळावा.

आपल्या पूर्वजांनी बांध सांभाळला, कारण त्याखालचे शेत त्यांचे होते. १९०६ च्या कागदाने जे तोडले, ते जोडण्याचे काम एकट्या न्यायालयाने होणारे नाही. डोंगराच्या माथ्यावर काय चालले आहे, याचा हिशेब पायथ्याच्या माणसांनी पुन्हा मागू लागणे हाच त्याचा आरंभ होय. ज्ञातिबांधवांनी तो या वर्षीच करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.