स्प्रिंग आणि तिचा लगाम

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनाचाच इतिहास लिहितात. कोणत्या साली किती अश्वशक्ती झाली, कोणत्या गाडीने ताशी किती मैलांचा वेग गाठला, याच्या याद्या कोणत्याही ग्रंथालयात सापडतील. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही. चारचाकी गाडी खड्ड्यात आदळली तर आतली माणसे हादरतात, पण गाडी उभीच राहते. दुचाकीचे पुढचे चाक वळणावर जमिनीवरून उचलले गेले, तर तेवढ्या क्षणापुरती ती गाडी कोणाच्याच ताब्यात नसते. म्हणून इंजिनाने किती वेग दिला यापेक्षा त्यातला किती वेग पुढच्या चाकाने वापरू दिला, हाच खरा प्रश्न आहे. आज आपण त्या चाकाला धरून ठेवणाऱ्या फोर्कचा, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला ‘पुढचे शॉकअप’ म्हणतात त्याचा, थोडा इतिहास पाहू.

आरंभ १८८५ सालापासून करावा लागतो. जर्मनीत कानष्टाट येथे गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी तयार केली. तिची चौकट लाकडाची, चाके लाकडाची आणि चाकांवर लोखंडी धावा. आपल्या बैलगाडीला असते तशीच सारी तऱ्हा! पुढे १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेचा टायर काढला आणि हादऱ्यांवरचा पहिला उतारा सापडला. पण सुरुवातीच्या मोटारसायकलींचा फोर्क सायकलीचाच राहिला, ताठ आणि बिनस्प्रिंगचा. माणसाच्या पायांनी चालणाऱ्या यंत्राचा भाग इंजिनाच्या यंत्राला लावला, म्हणजे तो मोडणार हे उघडच होते.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? स्प्रिंग बसवली की झाले. पण पुढच्या चाकाची गोष्ट मागच्या चाकासारखी नाही. मागच्या चाकाने ओझे वाहावे आणि गाडी ढकलावी. पुढच्या चाकाला ओझे वाहायचे असते, हँडलबरोबर वळायचे असते, आणि ब्रेक दाबल्यावर सगळा भार अंगावर घ्यायचा असतो. ही तिन्ही कामे एकाच अवयवाकडून करवून घ्यायची, हे कोडे आहे. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत फोर्कच्या जेवढ्या सुधारणा झाल्या, त्या सगळ्या या कोड्याची वेगवेगळी उत्तरे होत.

पहिले चांगले उत्तर म्हणजे गर्डर फोर्क. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो इंग्लंडमध्ये रुळला. ड्रुइड, ब्रॅम्प्टन, वेब ही नावे त्या काळी घरोघरच्या गाड्यांवर दिसत. चाकाच्या दोन्ही बाजूंना नळ्यांची मजबूत चौकट, ती हँडलच्या दांड्याला आडव्या दुव्यांनी जोडलेली, आणि मध्ये एक स्प्रिंग. चाक वर उचलले गेले की दुवे फिरत आणि स्प्रिंग दबे. ही रचना भक्कम होती आणि ब्रेक लावल्यावर फारशी खाली बसत नसे. दोष दोन होते. चाकाची हालचाल फार थोडी होई. शिवाय दुव्यांच्या खिळ्यांना वरचेवर ग्रीस पाजावे लागे, नाहीतर ते झिजून फोर्क खुळखुळ वाजू लागे.

पण याहून महत्त्वाचा दोष तिसराच होता. स्प्रिंग धक्का गिळून टाकत नाही. ती तो साठवते आणि लगेच परत करते. लगाम नसलेली स्प्रिंग म्हणजे गाडीला लावलेला झोपाळाच. हे नाचणे थांबवणे याला शास्त्राच्या भाषेत अवमंदन म्हणतात. गर्डर फोर्कमध्ये ते काम एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या करीत, आणि बाजूची मूठ फिरवून त्या घट्ट-सैल करता येत. कल्पना चांगली, पण घर्षणाचा स्वभाव उलटा असतो. खडा बारीक असला की चकत्या जागच्या हलत नाहीत आणि तो थेट मनगटाला जाणवतो. उलट मोठा, वेगाचा धक्का आला की त्यांचा विरोध वाढत नाही आणि त्या अपुऱ्या पडतात. लगाम हवा तेव्हा सैल, नको तेव्हा घट्ट!

यावर तोड निघाली ती तेलाची. रंगपंचमीची पिचकारी आठवा. दट्ट्या हळू दाबला तर पाणी मुकाट्याने जाते. जोराने दाबला तर तळहात दुखतो. बारीक छिद्रातून जाणाऱ्या द्रवाचा विरोध वेगाबरोबर वाढत जातो, आणि फोर्कला नेमके हेच हवे असते. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, आत स्प्रिंग आणि तेल, हा झाला टेलिस्कोपिक फोर्क. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची कल्पना तशी जुनी होती. १९०८ पासून इंग्लंडच्या स्कॉट गाड्यांवर तशी रचना होती, आणि १९३४ साली डेन्मार्कच्या निंबस गाडीलाही टेलिस्कोपिक फोर्क आला. पण त्यात तेलाचे खरेखुरे अवमंदन घालून ती गाडी बाजारात आणली बी. एम. डब्ल्यू. कंपनीने, १९३५ साली, आर-१२ आणि आर-१७ या नमुन्यांवर. गमतीची गोष्ट अशी की, या गाड्यांचे मागचे चाक तेव्हाही ताठच होते. म्हणजे सुधारणेचा मान आधी पुढच्या चाकाला मिळाला.

इंग्लंडमध्ये ही रचना पसरण्यास महायुद्ध कारण झाले. १९४१ साली मॅचलेस कंपनीच्या जी-३/एल या लष्करी गाडीला ‘टेलिड्रॉलिक’ नावाचा तेलाचा फोर्क आला. निरोप्या शिपायांना रस्ता नसलेल्या रस्त्यांवरून दिवसभर धावावे लागे. त्यांना हा फोर्क किती मोलाचा वाटला असेल, हे सांगायला नको. युद्ध संपल्यावर चारपाच वर्षांतच गर्डर फोर्क मागे पडला. अमेरिकेत हार्ली-डेव्हिडसननेही आपला जुना स्प्रिंगर फोर्क सोडून १९४९ साली तेलाचा फोर्क लावलेली ‘हायड्रा-ग्लाइड’ काढली.

या बदलाचे महत्त्व कशाने सिद्ध झाले, असे कोणी विचारले तर मी १९५० सालच्या आइल ऑफ मॅन बेटावरील टी. टी. शर्यतीकडे बोट दाखवीन. हा सुमारे पावणेअडतीस मैलांचा डोंगरी फेरा म्हणजे सार्वजनिक रस्ताच. भिंती, घरे, पूल, उतार, सगळे काही त्यात आहे. १९३८ साली हॅरोल्ड डॅनियलने नॉर्टन गाडीवर ताशी ९१ मैलांच्या सरासरीने एक फेरा पुरा केला होता. युद्धानंतर शर्यतीसाठी पेट्रोल पूर्वीच्या दर्जाचे मिळेना, त्यामुळे तो उच्चांक बारा वर्षे टिकला. १९५० साली नॉर्टनने बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेसने आखलेली नवी चौकट आणि ‘रोडहोल्डर’ फोर्क घेऊन गाड्या उतरवल्या. इंजिन मूलतः जुन्या घराण्याचेच, एका सिलिंडरचे. तरीही जेफ ड्यूकने ताशी ९३.३३ मैलांचा फेरा मारला, आणि सीनियर व ज्युनियर या दोन्ही शर्यतींत पहिले तीनही क्रमांक नॉर्टनने घेतले. चार सिलिंडरची इटालियन गिलेरा ताकदीने सरस होती. त्या वर्षीचे पाचशे सी. सी.चे जगज्जेतेपद मासेट्टीने गिलेरावर एका गुणाने मिळवलेही. पण १९५१ साली ड्यूकने ते तिच्याकडून घेतले. या यशाचे सगळे श्रेय फोर्कला देणे इतिहासाला धरून होणार नाही. चौकट, मागचे निलंबन आणि स्वार यांचाही त्यात वाटा आहे. पण ताकद कमी असून गाडी जिंकू शकते, जर तिची चाके जमिनीला चिकटून राहतील तर, एवढे त्यातून निर्विवाद ठरले.

मग सर्वांनी टेलिस्कोपिक फोर्क निमूटपणे मान्य केला का? तसे नाही. त्याचा एक मूळचा दोष जाणकारांना दिसत होता. ब्रेक दाबला की तो खाली बसतो. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचे चाक कसे आपल्या दांड्याच्या मागे मागे ओढले जाते आणि आपोआप सरळ राहते? मोटारसायकलचे पुढचे चाकही तसेच थोडे ‘मागे’ ठेवलेले असते; त्या अंतराला ट्रेल म्हणतात. फोर्क खाली बसला की हे अंतर घटते, म्हणजे ऐन वळणाच्या तोंडाशी गाडीचा स्वभाव बदलतो. म्हणून व्हिन्सेंट कंपनीने आपला तेलाचा गर्डर, ‘गर्ड्रॉलिक’, हट्टाने वापरला. अर्नी अर्ल्स या इंग्रज अभियंत्याने चाक पुढे आलेल्या लांब दुव्यावर बसवले. हा अर्ल्स फोर्क बी. एम. डब्ल्यू.ने १९५५ पासून १९६९ पर्यंत चालवला. ज्या कंपनीने जगाला तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क दिला, तीच त्याच्यापासून दूर गेली आणि पुन्हा त्याच्याकडे परतली!

हा अर्ल्स फोर्क आपल्याला परका नाही. १९६०च्या दशकात फरिदाबादच्या एस्कॉर्ट्‌स कंपनीने पोलंडच्या एस. एच. एल. गाडीवरून ‘राजदूत’ काढली, तिचा पुढचा फोर्क याच जातीचा. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या टांगून खेड्यातून शहराकडे येणाऱ्या राजदूत गाड्या महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पाहिल्या. त्याच काळात मद्रासची बुलेट, १९५५ पासून, टेलिस्कोपिक फोर्क घेऊन फिरत होती. म्हणजे युरोपातला वाद आपल्या रस्त्यांवर शेजारी शेजारी चालला होता, फक्त त्याची चर्चा कोणी केली नाही.

अखेर टेलिस्कोपिक फोर्कच टिकला. तो सर्वोत्तम होता म्हणून नव्हे. हलका, बनवायला सोपा आणि बहुतेक वेळा पुरेसा चांगला होता म्हणून. आणि मग सुधारणेचे काम कारखान्याबरोबर स्वारांनीही हाती घेतले. इंग्लंडमधील तरुणांनी ट्रायंफचे इंजिन नॉर्टनच्या चौकटीत घालून ‘ट्रायटन’ बनवल्या. इटलीतील चेरियानीचे फोर्क १९६०च्या दशकात शर्यतवाले पदरमोड करून विकत घेत. १९७०च्या दशकात जपानी इंजिने इतकी पुढे गेली की चौकटी आणि फोर्क धापा टाकू लागले. ती उणीव भरून काढणाऱ्यांपैकी एक म्हणजे स्वीडनमध्ये १९७६ साली निघालेली ओलिन्स कंपनी. साध्या फोर्कमधील ठरावीक छिद्राचा दोष असा की, हळू हालचालीला त्याचा विरोध अपुरा आणि अचानक धक्क्याला अति. त्याऐवजी पातळ पोलादी चकत्यांची झडप आली. जोर येईल तशी ती वाकते आणि तेलाला वाट देते. जाड नळी वर आणि बारीक खाली, असा उलटा फोर्क १९८०च्या दशकात आला. वरचा भाग जाड असल्याने तो ब्रेकखाली कमी लवतो. २०१२ साली पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनलेली के. टी. एम. ड्यूक २०० असा उलटा फोर्क घेऊन आली, तेव्हा शर्यतीच्या मैदानातली ही वस्तू आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलांच्या आवाक्यात आली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या महाविद्यालयाच्या आवारात हल्ली जुन्या गाड्यांना जाड, सोनेरी फोर्क बसवलेले दिसतात. सुधारणेचा हा अर्थ इतिहासाला मान्य नाही. दुसऱ्या गाडीचा फोर्क दोन इंच आखूड असला, किंवा त्याच्या फोर्क-टीचे माप वेगळे असले, की ट्रेल बदलते. सरळ रस्त्यावर शांत असलेली गाडी वेगात हँडल झटकू लागते. दिसायला गाडी सुधारली, चालायला बिघडली!

खरी सुधारणा स्वस्तातून सुरू होते. आधी टायर, हँडलचा कोनसेट आणि ऑइल सील तपासावेत. फोर्कमधले तेल किती वर्षांचे आहे ते पाहावे. काळे, पातळ झालेले तेल म्हणजे तुटलेला लगाम. मग नळीवर एक रबरी कडे चढवून, स्वार बसल्यावर फोर्क किती दबतो ते मोजावे. एकूण हालचालीच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका तो दबावा. फार दबत असेल तर वजनाला साजेशी कडक स्प्रिंग घालावी. स्प्रिंग आधीच दाबून बसवल्याने ती कडक होत नाही, फक्त गाडीची उंची वाढते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. घट्ट तेल घातल्याने नाचणे कमी होते खरे, पण मर्यादेबाहेर गेले तर खडीच्या रस्त्यावर चाक उसळू लागते. आणि एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाचा आला ते कळते.

आपल्याकडे याची गरज परदेशापेक्षा अधिक आहे. आपली गाडी सकाळी एका माणसाला नेते, संध्याकाळी तीच नवरा-बायको, मूल आणि भाजीची पिशवी वाहते. पावसाळ्यात घाटाच्या वळणावर खडी पसरलेली असते, पुढे ट्रक थांबलेला असतो, आणि ब्रेक दाबावाच लागतो. त्या क्षणी चाकाने जमीन सोडली नाही, तर सगळे सुखरूप घरी पोहोचतात. ड्यूकला ज्याने शर्यत जिंकून दिली, तेच इथे माणसे वाचवते. तेव्हा पुढच्या खेपेला गाडी मिस्त्रीकडे न्याल तेव्हा इंजिनाच्या आवाजाबरोबर पुढच्या शॉकअपच्या तेलाचीही चौकशी करा.