संगणकशास्त्र शिक्षणातील समता, शालेय (घिवली व पालघर परिसर)

लिंग, जात-जमात, भाषा, अपंगत्व, घरची मिळकत किंवा गावाचे अंतर यांमुळे कोणताही विद्यार्थी संगणकशास्त्रापासून वंचित राहू नये, हे तत्त्व व त्यासाठी योजलेले उपाय. निव्वळ संगणक हाताळता येणे म्हणजे संगणकशास्त्र नव्हे. प्रश्नाचे टप्पे पाडणे, तो सोडवण्याची रीत मांडणे आणि प्रोग्रॅम लिहिणे हा या विषयाचा गाभा होय.

स्थानिक पार्श्वभूमी : घिवली हे पालघर तालुक्यातील मच्छीमारांचे किनारी गाव तारापूर अणुऊर्जा केंद्राजवळ वसले आहे. हे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. बोईसरलगत तारापूर औद्योगिक वसाहत आहे. अणुऊर्जा वसाहतीत केंद्रीय अभ्यासक्रमाची शाळा आहे, तर भोवतालच्या गावांतील बरीच मुले जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांत शिकतात. जव्हार, मोखाडा भागात आश्रमशाळांवर भर आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात एक तृतीयांशाहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. वारली किंवा कातकरी मुलाची घरची बोली एक, पुस्तकातली प्रमाण मराठी दुसरी आणि पडद्यावरची इंग्रजी तिसरी.

विषमतेची कारणे : राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के, तर शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. राज्य मंडळात संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान हे विषय अकरावी-बारावीला निवडता येतात. पण जवळच्या महाविद्यालयात शिक्षक व प्रयोगशाळा नसेल, तर ही निवड कागदावरच राहते.

उपाय : रायगडमधील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा प्रयोग झाला. असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरीच्या भारतीय शाखेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘सीएसपाठशाला’ उपक्रमात संगणकाविनाही संगणकीय विचार शिकवण्यावर भर आहे. घिवलीसारख्या गावात टोपल्यांतील मासळी आकारानुसार लावून क्रमवारीची रीत समजावता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचा समावेश सुचवला. अंध विद्यार्थ्यांसाठी पडदावाचक सॉफ्टवेअर व युनिकोड मराठी साहित्य आवश्यक ठरते.

मूल्यमापन : समतेचे मोजमाप यंत्रांच्या संख्येवरून करणे अपुरे आहे. मुली, आदिवासी व दिव्यांग विद्यार्थी हा विषय निवडतात का आणि बारावीपर्यंत त्यात टिकतात का, हाच तिचा खरा निकष होय.