मेथिलिन ब्लूचे वंशज

प्रिऑनची पेशींतील वाढ रोखणारी म्हणून २००१ साली जी दोन जुनी औषधे एकाएकी नावारूपास आली, त्यांपैकी क्विनाक्रिन हे हिवतापाचे आणि क्लोरप्रोमझिन हे मनोविकारांचे. दोहोंचा देश, काळ आणि कामगिरी सर्वस्वी भिन्न. आणि तरीही त्यांची वंशावळ मागे नेत गेल्यास ती एकाच मूळपुरुषापाशी, १८७६ साली हाइन्रिख कारो याने जर्मनीत सिद्ध केलेल्या मेथिलिन ब्लू या निळ्या रंगापाशी, येऊन ठेपते, हे ध्यानात आल्यापासून या विषयाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

प्रिऑन हे प्रथिन आपली विकृत घडण निरोगी प्रथिनावर लादून वाढते, हा सिद्धांत मांडणाऱ्या स्टॅन्ली प्रुसिनर यांना १९९७ साली नोबेल मिळाले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेत कार्स्टन कोर्थ प्रभृतींनी स्क्रेपी या प्रिऑनरोगाने बाधित उंदीर-पेशींवर प्रचारातली औषधे पारखली. अशा पेशी फोडून त्यांचा रस प्रोटिनेज के या विकराच्या हवाली केला की निरोगी प्रथिन पार पचून जाते, प्रिऑनचा चिवट गाभा तेवढा शिल्लक राहून पटलावर काळ्या पट्ट्याच्या रूपाने उमटतो, आणि औषध लागू पडत असेल तर मात्रा चढेल तसतसा तो पट्टा फिकट होत जातो. प्रिऑनची निर्मिती निम्म्यावर आणण्यास क्लोरप्रोमझिनची ३ मायक्रोमोलर मात्रा लागली. क्विनाक्रिनची तिच्या एक-दशांश पुरली.

आता नात्याचा पुरावा. एर्लिख आणि गुटमान यांनी १८९१ साली बर्लिनमध्ये मेथिलिन ब्लू हिवतापाच्या रुग्णांना देऊन पाहिला. पुढे बायर कंपनीच्या रसायनज्ञांनी त्या रंगाच्या एका मेथिल गटाच्या जागी, टोकाला नायट्रोजन असलेली आम्लारिधर्मी साखळी बसवली, तेव्हा त्याचा गुण वाढला. मग तीच युक्ती त्यांनी क्विनोलिनवर योजली, त्यातून प्लाझ्मोक्विन निघाले, आणि अखेर डांबरातून मिळणाऱ्या ॲक्रिडिनवर तशी साखळी चढवून १९३०च्या सुमारास ॲटेब्रिन, म्हणजेच क्विनाक्रिन, सिद्ध केले. इकडे मेथिलिन ब्लूचा गाभा जो फेनोथायझिन, त्यावर फ्रान्समधील रोन-पूलँकच्या शार्पांतिए यांनी १९५० साली साखळी जोडली, ते क्लोरप्रोमझिन. एकाच्या वाट्याला पूर्वजाची साखळी आली, दुसऱ्याच्या वाट्याला देह. मधल्या कड्यावर लोंबणारी ही साखळीच गुणाला आवश्यक, असा कोर्थ यांचाही निर्वाळा आहे. ती फ्रान्सला पोचली कशी? माझ्या मते पाश्चर संस्थेतील एर्नेस्ट फुर्नो यांच्या हस्ते. कारण बायरच्या गुप्त औषधांचा उलगडा करण्यात त्यांची हयात गेली, आणि क्लोरप्रोमझिन ज्यांच्या परंपरेतून आले ती पहिली अँटिहिस्टामिने त्यांच्याच दालनात १९३७ साली जन्मली.

प्रतिपक्ष मात्र दुबळा नाही. कात्सुमी दोह-उरा यांनी २००० सालीच दाखवले होते की क्विनाक्रिन व हिवतापाचेच दुसरे औषध क्लोरोक्विन ही दोन्ही पेशींतल्या लायसोसोम नामक आम्लधर्मी पिशव्यांत साठून प्रिऑनचा संचय थांबवतात; तेव्हा महत्त्व त्या पिशवीचे, रंगाच्या कुळाशी कर्तव्य काय, असा त्यावरून दावा करता येतो. पण औषधाला त्या पिशवीत ओढून नेणारा नायट्रोजन साखळीच्याच टोकाला आहे, आणि क्लोरोक्विनची साखळी तर हुबेहूब क्विनाक्रिनचीच, त्यामुळे ही साक्ष माझ्याच पक्षाला पडते. सिस्टीन-प्रोटिएजरोधकांनीही तोच परिणाम साधला, त्यांचा मात्र या कुळाशी संबंध नाही, हे कबूल केले पाहिजे. काँगो रेड हा रंगही १९९२ साली कॉही आणि रेस यांनी प्रिऑनविरुद्ध यशस्वी ठरवला, परंतु तो ऋणभारित सल्फोनेटांच्या घराण्यातला. त्याला या वंशावळीत घुसवणे मला मान्य नाही.

काचपात्रातले हे यश प्रिऑनरोगाच्या रुग्णांच्या पदरी पडले नाही. ब्रिटनमध्ये रोज ३०० मिलिग्रॅम क्विनाक्रिन देऊनही आयुष्य वाढले नाही, आणि अमेरिकेतील चाचणीनेही तोच निकाल दिला. औषध मेंदूबाहेर फेकणारी प्रथिने ज्यांच्यात नाहीत, अशा उंदरांच्या मेंदूत ते भरपूर साठले, प्रिऑन काही काळ घटला, आणि मग औषधाला दाद न देणाऱ्या घडणीचा प्रिऑन माजला, असे २००९ साली प्रुसिनर यांच्याच गटाला आढळून आले.