सातबाऱ्यावरील अंक आणि अक्षर

‘सातबारा’ या शब्दातील सात आणि बारा यांची बेरीज एकोणीस होते, असे कोणी म्हणत नाही. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, नमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोन अंक जोडून मराठीने एक पुल्लिंगी नाम घडवले आणि त्याला ‘सातबाऱ्यावर’, ‘सातबाऱ्याचा’ असे प्रत्ययही लावले. अंक केव्हा संख्या असतो आणि केव्हा नाव, हा निवाडा भाषेने सहज केला. विदागाराला मात्र तो प्रत्येक रकान्यासाठी आधी सांगावा लागतो.

वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली आणि शेतांना सर्वे क्रमांक मिळाले. वाशीम जिल्हा १९०५ साली मोडला, १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला. पण जिल्हा बदलला म्हणून शेताचा क्रमांक बदलत नाही. वाटण्या झाल्या की तो वाढतो: ४५, मग ४५/१, मग ४५/१/अ. ही तिरपी रेघ भागाकाराची नव्हे, भावकीची आहे. रकाना संख्येचा ठेवला, तर ‘अ’ला तेथे जागाच नाही. स्वरूप न ठरवता कोष्टकात १२/३ इंग्रजी अंकांत टंकले, तर त्याची बारा मार्च ही तारीख होऊ शकते. उलट सारेच मजकूर म्हणून ठेवले, तर क्रम अकारविल्हे लागतो: १, १०, ११ आणि मग २. शिवाय देवनागरी १० आणि इंग्रजी दहा ही संगणकाच्या लेखी भिन्न चिन्हे. मजकुराच्या रकान्यात एकाचा शोध घेतला, तर दुसरे सापडेलच असे नाही.

क्षेत्राचे तसे नाही. ते खरोखर मोजायचे, बेरजेचे. पण येथेही दिसणे आणि असणे यांत जुनी तफावत आहे. मोडी हिशेबात आकड्यापुढच्या उभ्या रेघा पाव, अर्धा, पाऊण सांगत. पावकी-निमकी पाठ असलेल्या वाचकाला त्या पुरत. पुढे एकर-गुंठे आले. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून ‘२.३९’मध्ये एक गुंठा मिळवला की तीन एकर होतात. तो बिंदू दशांशचिन्ह नव्हता, नुसता विराम होता. कोणी ‘२.५’ लिहिले आणि यंत्राने ते अडीच एकर मानले, तर दोन एकर पाच गुंठ्यांचे दोन एकर वीस गुंठे होतात. पंधरा गुंठ्यांवरून भावाभावांत कोर्टकचेरी होते, हे आपल्या ग्रामीण कादंबरीच्या वाचकांस सांगायला नको.

दशमान पद्धतीत शंभर आर म्हणजे एक हेक्टर, तेव्हा घोळ मिटावा अशी अपेक्षा होती. तो पुरता मिटला नाही. साठवलेली संख्या २.५० असते, दोन दशांश स्थळांची मांडणी ठरवून दिली नसेल, तर पडद्यावर ‘२.५’ उमटते. ‘हेक्टर-आर’ या सवयीने वाचणारा ते दोन हेक्टर पाच आर वाचतो. मूल्य अबाधित, वाचनात पंचेचाळीस आर गहाळ, म्हणजे एकराहून अधिक. शेवटचे शून्य आम्हांला शोभेचे वाटते. येथे ते जमीन धरून असते.

चौरस मीटरही दाखवणाऱ्या सातबाऱ्यावर क्षेत्र ‘२.०५.००’ असे छापतात. दोन बिंदू असलेली ही आकृती गणिताच्या लेखी संख्या नाही. ती वाचण्यासाठी घडवलेला मजकूर आहे. तिच्यामागची संख्या निराळी: २०,५०० चौरस मीटर, आणि त्यातला स्वल्पविरामही पुन्हा दाखवण्यापुरताच.