विश्रामबागवाडा, पुणे

विश्रामबागवाडा : पुण्याच्या सदाशिव पेठेत, थोरल्या बाजीराव रस्त्यावरचा पेशवेकालीन वाडा. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ च्या सुमारास बांधवला. बांधकामाला सुमारे दोन लाख रुपये लागल्याचे सांगतात. तटाबुरुजांच्या शनिवारवाड्यापेक्षा बाजीरावाला इथला मुक्काम अधिक आवडे. दर्शनी भागातील कोरीव सागवानी सज्जा, आतले चौक, दिवाणखाने आणि सुरूच्या आकाराचे नक्षीदार खांब हे वाड्याचे वैभव.

पेशव्यांचा सहवास मात्र अल्पकाळाचा ठरला. १८१८ मध्ये मराठी राज्य गेले, बाजीराव उत्तरेत बिठूरला गेला आणि वाडा इंग्रजांकडे आला.

वाड्याचा लोकांशी संबंध जडला तो ६ ऑक्टोबर १८२१ रोजी. त्या दिवशी इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवे श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत. त्याच दक्षिणा निधीचा काही भाग पाठशाळेच्या खर्चासाठी राखला गेला. सुरुवातीला शास्त्रांचे अध्यापन होई. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले. १८६४ पासून ते डेक्कन कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. १८६८ मध्ये कॉलेज येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले, तरी वाड्यातले अध्यापन थांबले नाही. सरकारी हायस्कूलचे वर्ग इथे भरत राहिले.

पुण्यातले पेशव्यांचे इतर वाडे आगीत गेले. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला आणि तट, दरवाजे व जोती तेवढी उरली. १८७९ मध्ये बुधवारवाडा भस्मसात झाला. त्याच वर्षी विश्रामबागवाड्यालाही आग लागली आणि पूर्वेकडचा सज्जा नष्ट झाला. हा वाडा मात्र पुन्हा उभा राहिला: पुणेकरांनी वर्गणी काढली, नगरपालिकेने तिला जोड दिली. राजाच्या मालमत्तेसाठी नव्हे, आपल्या शहराच्या वास्तूसाठी लोकांनी पदरचे पैसे मोजले, हे या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान आहे.

विसाव्या शतकात नगरपालिकेची कचेरी इथेच होती. १९५० मध्ये महानगरपालिका झाल्यावरही काही वर्षे शहराचा कारभार इथूनच चाले. पुढे तो शिवाजीनगरच्या इमारतीत गेला. अलीकडच्या काळात महापालिकेने वाड्याच्या जतनाचे काम हाती घेतले. पुण्याच्या जडणघडणीचे प्रदर्शन इथे मांडण्यात आले, तर तळमजल्यावरच्या टपाल कचेरीमुळे नागरिकांचा राबता राहिला.