दुनळीच्या नळीवरची नक्षी (थ्रेड)

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील छत्रपती शहाजी संग्रहालयात शिरलेला माणूस प्रथम पेंढा भरलेल्या वाघापाशी थांबतो, मग तलवारींकडे वळतो. बंदुकांपाशी रेंगाळणारे थोडेच. मित्रहो, आजचा थ्रेड त्या थोड्यांसाठी आहे, आणि त्यातही छर्ऱ्याच्या दुनळी बंदुकीसाठी.

मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार हा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिला. १८८४ मध्येच शाहू महाराज दत्तक येऊन गादीवर आले. नेमकी हीच वर्षे दुनळीच्या कारागिरीच्या ऐन भराची. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी बाहेर दिसणारा घोडा यंत्रणेच्या पोटात दडवला. १८८० मध्ये फ्रेडरिक बीस्ली याने आपोआप उघडणारी रचना शोधून पर्डी या लंडनच्या पेढीला विकली. हिंदी संस्थानिक हे या पेढ्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. बंगाल सैन्यातील फॉसबेरी नावाच्या अधिकाऱ्याने तर १८८५ मध्ये अशी नळी शोधली, की जिच्या तोंडाशी दोनेक इंच आटे पाडलेले असत. त्यामुळे एकाच बंदुकीतून पाखरांसाठी छर्रे आणि मोठ्या जनावरासाठी गोळी, दोन्ही सोडता येई. हिंदुस्थानच्या जंगलात हिला मागणी न येती तरच नवल!

‘बारा बोअर’ हा शब्द आपण सहज वापरतो. नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी घेतली आणि अशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरले, तर ती नळी बारा बोअरची. म्हणूनच आकडा वाढला की नळी अरुंद होते.

आता खऱ्या कारागिरीकडे येऊ. त्या काळच्या उत्तम नळ्या अखंड पोलादाच्या नसत. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून, ठोकून त्यांची चौकोनी कांब करीत. ती कांब दोरासारखी पिळीत. अशा दोन-तीन पिळलेल्या कांबी शेजारी शेजारी जोडून एक फीत बनवीत आणि ती फीत लोखंडी दांड्याभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळून वेढ्याला वेढा जोडीत. लीज आणि बर्मिंगहॅम ही या कामाची मोठी ठाणी. नाव मात्र ‘दमास्कस’, त्या शहराच्या नावाने गाजलेल्या तलवारींवरून घेतलेले. गंमत अशी, की त्या तलवारींचे पोलाद बहुधा दक्षिण हिंदुस्थानातून जाई. त्या पोलादाचा जौहर मुशीतल्या धातूत आपोआप उमटे. बंदुकीच्या नळीवरची नक्षी मात्र कांबीच्या पिळातून येई. दोन्ही एकच समजणे ही नेहमीची चूक आहे.

ही नक्षी दिसते कशी? नळीवर रसायन लावून मुद्दाम गंज चढवीत, तो घासून काढीत, पुन्हा चढवीत. असे अनेकदा केल्यावर लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या छटा धरीत. म्हणजे तो तपकिरी रंग हा कारागिराने माणसाळवलेला गंजच!

इथेच जतनाचा खरा प्रश्न उभा राहतो. खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रे घासूनपुसून पुजतात. माझ्या आजोळच्या वाड्यात अशीच एक जुनी नळी होती. कोणा उत्साही नातलगाने पूजेच्या आदल्या दिवशी ती पॉलिश पेपरने चांदीसारखी लखलखीत केली. सर्वांनी कौतुक केले, मीही. एम.ए.ला आल्यावर समजले, की त्या दुपारी नक्षी गेली आणि नळीखालच्या चाचणीच्या मुद्राही पुसट झाल्या.

या मुद्रा म्हणजे बंदुकीचा जन्मदाखला. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ सालचे. लंडनच्या बंदूककारांची सनद त्याहून जुनी, १६३७ ची. जादा दारू भरून नळी टिकते का ते पाहत आणि मगच ठसा मारीत. १८७५ ते १८८७ या काळात तोंडाशी निमुळत्या केलेल्या नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ असा ठसा असे. केवळ तेवढ्या तीन शब्दांवरून बंदुकीचा काळ बारा वर्षांच्या आत आणता येतो. क्रमांक शाबूत असेल तर पेढीच्या वहीतून मूळ गिऱ्हाईकही कधी कधी सापडते.

म्हणून जाणकार संग्रहालयात पॉलिश पेपरला मज्जाव असतो. घामातल्या मिठाने पोलादावर बोटांचे ठसे गंजून उमटतात, यासाठी हातमोजे घालतात. नळीवर मेणाचा पातळ थर देतात. तेल कमीच, कारण उभ्या ठेवलेल्या बंदुकीतले तेल झिरपून अक्रोडाच्या दस्त्यात मुरते आणि लाकूड मऊ पडते. सगळ्यात अवघड गोष्ट कोल्हापूरची हवा. आषाढात फुगलेले लाकूड चैत्रात आकसते आणि यंत्रणेच्या कडेने बारीक तडा जातो. कपाटातील दमटपणा वर्षभर पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवणे हे खर्चाचे काम आहे, पण उपाय तोच. आणि पूजा करायचीच असेल, तर ओले हळदकुंकू नळीला न लावता समोरच्या पाटावर वाहावे.

एक सूचना. शंभर वर्षे झाली म्हणून बंदूक परवान्यातून सुटत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्राला. वाड्यात एखादी सापडली, तर काडतूस घालून पाहू नका. दमास्कस नळ्या बहुधा काळ्या दारूसाठी घडवलेल्या होत्या, नव्या दारूचा दाब त्यांना झेपेलच असे नाही. पोलीस ठाण्यात कळवा, आणि त्याआधी नळीखालच्या मुद्रांचे वर्णन वहीत टिपून ठेवा. घासू मात्र नका.